अकोल्याच्या विमानाचा चौथा पंख

सुमनचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी म्हशीची पाठ घासत होते. सुमन म्हणजे माझी भावजय, अकोल्याला असते. कार्डावर चारच ओळी. "बाई, तुमच्या भावाले त्या विमानानं पार बह्याड करून टाकलं. तीन वर्षं झाली, एक रविवार घरी नाही. आता कापसाच्या जिनाचे शेठ म्हनते, येत्या रविवारी फैसला. विमान नीट उभं दिसलं तर शाळेत ठेवू, नाही तर भंगारवाल्याले देऊ. तुमी या अन् त्याईले दोन शब्द सुनवा."

दोन शब्द सुनवायला कोणी बोलावलं आणि मी गेले नाही, असं अजून झालेलं नाही. हात धुतले आणि आमच्या ह्यांना सांगितलं, उद्या निघते.

"अन् म्हशी?"

"तुमीच."

"चारी?"

"मंग एक सोबत नेऊ का गाडीत?"

ते वैरण टाकायला उठले. त्यांचं हे एक बरं आहे.

आता महिला मंडळातल्या बायांना ते विमान पाहायला जायचं आहे, म्हणून मी हे लिहून काढते आहे. तिसरीतून शाळा सुटली माझी, तेव्हा वेलांट्या तुम्ही सांभाळून घ्या. रस्ता मात्र बरोबर सांगते.

एलिचपूरहून, आता पाटीवर अचलपूर लिहितात, अकोल्याला जायच्या दोन वाटा. एक एस.टी.ची, अकोटावरून. उन्हाळ्यात ती बरी. पण मी गेले ती दसऱ्याच्या आधी, पूर्णेला पाणी होतं, आणि एस.टी. नदीकाठी उभी राहिली की माणसानं काय करायचं? पाण्याकडे पाहत बसायचं. मला तेवढा दम नाही. दुसरी वाट छोट्या गाडीची. ती पण काही धावत नाही. अंजनगाव, दर्यापूर करत करत मूर्तिजापूरला जाते, चार-साडेचार तास घेते, आणि इंजिन पाणी प्यायला थांबलं की ड्रायव्हरही चहा प्यायला उतरतो. पण थांबली तरी आपण कोरडे असतो. खिडकी उजवीकडची धरा, डावीकडून ऊन येतं. भाकरी घरूनच न्या.

डब्यात समोर दर्यापूरचे एक म्हातारे बसले होते. पायाशी सुताराकडून आणलेलं नवं वखर, आणि वखराहून धारदार चौकशी.

"कुठी चालल्या बाई?"

"अकोल्याले. भावाचं विमान पाहाले."

सगळ्या डब्यानं माना वळवल्या.

"भाऊ विमान उडवते?"

"नाही. जिनात फिटर हाये."

"मंग विमान काहून?"

"तेच विचाराले चालली न बाबा!"

म्हाताऱ्यांनी मान डोलावली आणि शेजारच्याला हळूच म्हणाले, "जाऊ दे, घरातलं हाये काई तरी." मी ऐकलं. दर्यापूर येईपर्यंत बोलले नाही त्यांच्याशी.

तर घरातलं होतं ते असं. माझा धाकटा भाऊ वामन लढाईच्या वेळी विमानांच्या पलटणीत होता. उडवायला नाही, विमानांना कापड चढवायला. हो, कापड. मलाही आधी पटलं नव्हतं. त्या वेळच्या कितीतरी विमानांचे पंख म्हणजे आत लाकडाच्या फासळ्या आणि वरून शिवलेलं कापड. लढाई संपली, वामन घरी आला, जिनात लागला. अकोल्याजवळच्या धावपट्टीवर एक जुनं दुमजली विमान, वर दोन पंख आणि खाली दोन, शेडमध्ये पडलं होतं. कोणाला नको होतं. कापड उंदरांनी खाल्लेलं, चाकं बसलेली, बसायच्या जागेत पारव्यांची घरटी. वामन शाळेच्या हेडमास्तरांच्या मागे लागला, पोरांना दाखवायला होईल म्हणाला. हेडमास्तर भला माणूस, त्यांनी अर्ज करून ते मागून घेतलं. मग वामननं पंख सोडवले, दोन बैलगाड्यांवर विमान लादलं आणि जिनाच्या रिकाम्या गोदामात आणून ठेवलं. बैल हाकायला स्वतः पुढे. वरात पाहायला अर्धं अकोलं रस्त्यावर आलं होतं म्हणतात. जिनाचे शेठच शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, म्हणून गोदाम फुकट मिळालं. पण कापसाचा हंगाम तोंडावर आला, शेठला गोदाम हवं, आणि तीन वर्षांत विमान काही पुरं झालं नाही. एवढी गोष्ट.

मूर्तिजापूरला गाडी बदलायची. मध्ये वेळ मिळतो. फाटकाबाहेर भजी मिळतात, गरम असली तर घ्या, गार असली तर तेल पोटात बसतं. चहाचे दहा नवे पैसे. मी अजून आण्यांत मोजते, चहावाला नव्या पैशांत मोजतो, दोघांनाही वाटतं समोरचा फसवतो आहे.

अकोल्याला उतरले तर टांगेवाला विचारतो, कुठं? मी जिनाचं नाव सांगितलं.

"ते न उडनाऱ्या विमानाचं जिन?"

"तुले कोनं सांगतलं उडत नाही म्हनून?"

"अवो बाई, सारं अकोलं तसंच म्हनते. वामनभाऊले बी राग येत नाही."

पन्नास पैसे म्हणाला, मी पस्तीस म्हटलं, त्यानं घोड्याकडे पाहिलं आणि चला म्हणाला. मोर्णेच्या पुलावरून जाताना खाली पाहू नका, पाण्याला वास आहे.

घरी गेले तर ज्याला सुनवायचं तोच नव्हता. वामन आदल्या दिवशी नागपूरला गेलेला. पंखांच्या कापडाला एक रोगण लावावं लागतं, ते वाळताना कापड ओढून धरतं, ताशासारखं ताणतं. अकोल्यात ते मिळत नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं येणार होता. सुमननं पातोडीचा रस्सा केला होता, झणझणीत. दोन भाकरी खाऊन मी तिलाच दोन शब्द सुनवले, की तूच त्याला डोक्यावर बसवलं. ती म्हणाली, "हो बाई," आणि तिसरी भाकरी वाढली. अशा बाईशी भांडता येत नाही.

शुक्रवारी सकाळी ती मला गोदामात घेऊन गेली. कडी उघडली आणि मी उंबऱ्यातच उभी राहिले.

खरं सांगते. मी समजले होते पत्र्याचा एखादा डबा असेल. ते तर टोळासारखं होतं. नाक वर, शेपूट जमिनीला टेकलेलं, पुढे लाकडाचा दोन पात्यांचा पंखा, असा घासलेला की त्यात माझं तोंड दिसावं. माणसांच्या दोन जागा, एकामागे एक, उघड्या. वामननं त्यांत नवी चामडी गादी बसवली होती. एकेक खिळा, एकेक तार पुसून तेल लावलेली. आमच्या लग्नात त्यानं स्वतःची टोपी पुसली नव्हती.

पंख विमानाला लावलेले नव्हते, बाजूला लाकडी घोड्यांवर ठेवले होते. तीन तयार, त्यांना नुसतं शेवटचं रोगण लागायचं होतं. चौथ्यापाशी एक म्हातारा मांडी घालून बसला होता, हातात एवढा लांब दाभण.

"हे कादरचाचा," सुमन म्हणाली. "गाद्या भरते. तुमचे भाऊ नागपूरले गेले न, तं चौथ्या पंखाले कापड चढवाचं काम चाचाले देऊन गेले. म्हने चाचासारखा टाका अकोल्यात कोनाचा नाही."

टाका खरंच मोत्यासारखा. पण मला टाक्यापेक्षा दुसरंच दिसलं. बाकीचे तीन पंख पातळ, सपाट, बोटानं वाजवले तर पोकळ. आणि हा चौथा कसा भरलेला, गुबगुबीत, ऐसपैस! चाचांच्या बाजूला पिंजलेल्या कापसाचा ढीग, फेसासारखा. एकेका फासळीच्या खणात कापूस ठासायचा, वरून कापड ओढायचं, टाका घालून गाठ मारायची. जिनाचंच गोदाम, कापसाला काय कमी?

मी म्हटलं, "चाचा, हा एकच पंख मेला नीट भरला. बाकीचे तीन उपाशी ठेवले का?"

चाचा खूश झाले. "आपा, वही तो! वामनभाऊ बोले, चाचा, एक सुरकुती नाही दिसली पाहिजे, अंग तान के बैठना चाहिए. आता तुमीच सांगा. खोळीची सुरकुती कापसाबिगर कशी जाईन? चालीस बरस गाद्या भरून राहिलो. रिकामी खोळ शिवून गिऱ्हाइकाले दिली तर लोक काय म्हनतीन, कादरनं कापूस चोरला."

"बरोबर," मी म्हटलं.

"पर वो तीन पंख वामनभाऊनं सोता शिवले. कच्चा हाथ है. मी काही बोललो नाही, दिल दुखेल."

सुमनला विचारा, मी तिथं नुसती उभी राहिले नाही. पदर खोचला आणि दुपारपर्यंत कापूस ठासत होते. कोपऱ्यात पोकळ राहिलं होतं, ते मीच काठीनं भरलं. चाचा म्हणाले, आपा, तुमच्या हातात कसब हाये. मी म्हटलं, बाकीच्यांतही भरून टाकू, वामन येईपर्यंत. चाचा म्हणाले, उद्या. मग नमाजाला गेले. उद्यावर राहिलं म्हणून वाचलं, नाही तर चारही पंखांच्या गाद्या झाल्या असत्या आणि मी भावाला तोंड दाखवायच्या लायक राहिले नसते.

शनिवारी वामन आला. एका हातात रोगणाचा डबा, दुसऱ्या हातात संत्र्याची बर्फी. "बाई, तू कधी आली?" म्हणून पाया पडला. मी सुनवायची तयारी केलीच होती, पण म्हटलं आधी पंख दाखवू, खूश होईल, मग सुनवू. तिघं गोदामात गेलो. चाचा आधीच येऊन बसले होते, पान खाऊन, शाबासकीची वाट पाहत.

वामननं पहिल्या पंखावर टिचकी मारली. टंग. दुसऱ्यावर. टंग. तिसऱ्यावर. टंग. चौथ्यावर मारली.

भप्प.

त्यानं परत मारली. भप्प. मग हात सपाट ठेवून दाबलं. हात आत गेला आणि हळूच वर आला, जसा गादीतून येतो.

त्यानं रोगणाचा डबा खाली ठेवला आणि डब्यावरच बसला.

"काहून बसला?" मी विचारलं. "किती चांगलं भरलं पाय. म्या सोता हात लावला."

"बाई," तो म्हणाला, "यात हवा असते."

"कशाची हवा?"

"काहीच नसते यात. फक्त फासळ्या अन् हवा. खालून बारीक भोकं असते, ओल आली तर निथळाले. कापूस पानी धरते, लाकूड आतून सडन. अन् उंदरं? तीन वर्षं मी उंदरं हाकलली, तुमी त्याईच्यासाठी पलंग घातला!"

माझ्यावर त्यानं आवाज चढवलेला मला आठवत नाही. त्या दिवशी चढवला. आणि पुढे म्हणाला ते मला अजून ऐकू येतं. "उद्या दुपारी कमिटी येनार हाये. भंगारवाला बी येनार. तीन वर्षांत हे एकच काम माह्या हातानं पुरं होनार होतं."

चाचांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या पोरीच्या लग्नातली गादी परत आणली. "वामनभाऊ, चालीस बरसात मले कोनी म्हनलं नाही की कापूस जास्ती झाला."

"चाचा, तुमचं काम एक नंबर हाये," वामन म्हणाला. "फक्त ते काम हे नव्हतं."

मला अशा वेळी गप बसवत नाही. मी म्हटलं, "आता रडत बसता का उसवता?" आणि दाभण घेतला.

उसवायला बसलो चौघं. बायांनो, गादीवाल्याचा टाका कधी उसवू नका. दुहेरी दोरा, मेण लावलेला, हर टाक्याला गाठ. माझी दोन नखं गेली. चाचा स्वतःच्या गाठी स्वतः कापत होते आणि दर गाठीला "या अल्ला" म्हणत होते. सुमन कापूस काढून पोत्यात भरत होती. दुपारी जेवायला उठलो नाही, भाकर-ठेचा तिथंच, एका हातानं. ऊन उतरायला लागलं तेव्हा शेवटच्या खणातला कापूस निघाला, मी काठीनं ठासलेला.

आणि कापड? कापड कापसानं ताणून ताणून असं झालं होतं की फासळ्यांवर लोंबायला लागलं, जशी जाड्या माणसाची बंडी बारक्या माणसाच्या अंगात. टाक्याजागी भोकं. वामननं ते हातात धरून उजेडाकडे केलं, चाळणी दिसली.

"दुसरं कापड?"

"नाही. हे मोजून चार पंखांपुरतं होतं."

"मांजरपाट आनते. बाजार उघडाच हाये."

"मांजरपाटावर हे रोगन बसत नाही बाई. अन् बसलं तरी शिवाले रात जाईन, मंग वाळन कधी?"

"मंग उघडा राहू दे."

"उघडा?"

"आत काय वाईट हाये का? तूच म्हनतो किती बारीक काम हाये म्हनून. दिसू दे."

"तीन कपडे घालून एक पाय उघडा," तो म्हणाला. "नागडं विमान दाखवू का कमिटीले?"

पण दुसरा इलाज कोणाकडे होता? रविवारी सकाळी चारी पंख विमानाला लावले. वामन, चाचा आणि जिनातले चार हमाल. वरचे दोन, खालचा डावा, आणि खालचा उजवा नुसत्या फासळ्यांचा. तारा ताणल्या, बोल्ट आवळले. मी म्हटलं चांगलं दिसतं. वामननं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो अंघोळ करून, इस्तरीचा सदरा घालून विमानाच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला, असा की तो पंख त्याच्या पाठीआड झाकावा. पंख त्याच्याहून तिप्पट लांब.

कमिटी दुपारी आली. पुढे शेठजी, धोतराचा सोगा हातात. मागे हेडमास्तर, मागे दोन मेंबर, आणि सगळ्यात मागे भंगारवाला, त्याच्या कानाला पेन्सिल. एका मेंबरांनी नारळ आणला होता, पुढच्या पंख्यावर फोडायला. आमच्या घरानं चार वर्षांपूर्वी धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं सोडलं, पण ज्याचा त्याचा नारळ, मी बोलले नसते. वामनच पुढे झाला. "साहेब, लाकूड हाये, चीर जाईन. दगडावर फोडा." मेंबरांनी दगडावर फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं, मीही.

शेठजी विमानाभोवती फिरायला लागले. वामन त्यांच्यासोबत सरकतोय, उजवी बाजू झाकत. मला ते बघवेना. मी सरळ म्हटलं, "वामन्या, बाजूले हो. शेठजी, हा पंख उघडा हाये. चूक माही अन् चाचाची. वामनची नाही. पाहाचं असन तं पाहा."

वामन बाजूला झाला. शेठजी वाकले. चष्मा वर केला, खाली केला. मग फासळीला हात लावला, हळूच, जसा आपण वासराच्या नाकाला लावतो.

"हे लाकूड आहे?"

"हो शेठजी."

"सगळं?"

"इंजिन, तारा अन् टाक्या सोडून बहुतेक. लाकूड, सरस अन् कापड."

"तीन वर्षं माझ्या गोदामात हे उभं आहे," शेठजी म्हणाले, "आणि मी समजत होतो लोखंड आहे." ते हेडमास्तरांकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

हेडमास्तर खरं बोलणारा माणूस. "ऐकून होतो. दिसलं आज."

मग काय झालं सांगते. हेडमास्तर त्या पंखापाशी गेले ते हललेच नाहीत. ही फासळी अशी वाकडी का, ही भोकं कशाला, वजन किती, मधली तार कोणता जोर धरते. वामन आधी एकेक शब्द बोलत होता, मग सुटला. हातवारे करून सांगायला लागला, हवा वरून कशी जाते, खालून कशी दाबते. दोन्ही मेंबर वाकले. शेठजी वाकले. चाचाही वाकले, आणि म्हणाले, "अरे, तो इसलिए खाली रखते!" तीन वर्षांत त्या तीन पंखांना कोणी दोन प्रश्न विचारले नव्हते.

भंगारवाल्यानं पण पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग कानामागची पेन्सिल खिशात टाकली.

"शेठजी, हे माह्या कामाचं नाही. म्या लोखंडाचा भाव सांगतला होता. हे तं चुलीचं सरपन हाये."

"चुलीचं?" मी म्हटलं. "तुह्या चुलीत..." पण सुमननं माझा पदर ओढला.

शेठजींनी फार वेळ घेतला नाही. हंगामाचा माणूस, त्यांनाही घाई. म्हणाले, आठ दिवसांत गोदाम रिकामं करा, शाळेच्या मागच्या पटांगणात पत्र्याची शेड घालून देतो, विमान तिथं ठेवा. वामननं हात जोडले. म्हणाला, "शेठजी, महिन्याभरात कापड मागवतो अन् हा पंख पुरा करतो."

"नाही, नाही," हेडमास्तर मध्येच बोलले. "तो असाच ठेवायचा. उघडा. पोरांना आतलं दिसलं पाहिजे. ही माझी अट."

शेठजी म्हणाले, "हो, तोच तर पाहण्यासारखा आहे."

वामन हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? सगळे गेल्यावर सुमननं बर्फीचा पुडा उघडला, चाचांनी वामनला गळामिठी घातली, मी पण मोठ्यानं हसत होते. आणि वामन विमानाभोवती एक चक्कर मारून आला, त्या उघड्या पंखापाशी थांबला आणि वरच्या कडेवरून बोट फिरवलं, जिथं कापडाची शिवण आली असती.

"चारी पंखांवर कापड चढलेलं कधी पाह्यलं नाही म्या हे," तो म्हणाला. "आता पाहाचं बी नाही."

मी म्हटलं, "वाचलं न विमान?"

"वाचलं न बाई. मी कुठी नाही म्हनून राहिलो."

सोमवारी निघाले. येताना छोटी गाडी जाताना होती त्याहून हळू होती. ज्याला सुनवायला गेले त्याला एक शब्द सुनवला नव्हता. उलट माफी मागायला हवी होती, ती पण मागितली नाही. मला ते जमत नाही. आईच्या पोटातूनच जमत नाही. मूर्तिजापूरला भजी घेतली आणि गार झाली तरी खाल्ली नाहीत.

घरी आले तर म्हशी चारही जिवंत, हे मात्र वाळले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हंजे तुया चुकीनं विमान वाचलं." मी म्हटलं, "तसंच समजा." पण ते तसं नाही. विमान वाचलं हे खरं. माझ्या भावाचं काम अर्धं राहिलं हेही खरं, आणि ते मी एका दुपारी काठीनं ठासून ठेवलं होतं. एकानं दुसरं फिटत नाही. मी फार वेळा मनात फेडून पाहिलं.

परवा वामनचं पत्र आलं. शेड झाली आहे. शाळा सुटल्यावर पाहायला मिळतं, पैसे लागत नाहीत. स्टेशनपासून टांग्यानं जा, पस्तीस पैशांवर एक पैसा देऊ नका, न उडणारं विमान म्हटलं की टांगेवाला नेतो. आत जाताना पोरांना सांगून ठेवा, लाकडी पंख्याला लोंबकळायचं नाही. कादरचाचा बऱ्याचदा दाराशी बसलेले असतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की विमानाच्या पंखात काही भरायचं नसतं, हवाच भरलेली असते, आणि हे ज्याला कळत नाही तो कच्चा कारागीर.

वामननं लिहिलं आहे की चौथ्या पंखापाशी त्यानं पाटी लावली. स्वतःच्या हातानं रंगवली. "आतील रचना दिसावी म्हणून हा पंख मुद्दाम उघडा ठेवला आहे." खाली कोणाचं नाव नाही.

दर रविवारी तो तिथं असतो, मऊ ब्रशानं फासळ्यांवरची धूळ काढत. तुम्ही जाल तेव्हा त्याला काहीही विचारा, तो उभ्या उभ्या तासभर सांगेल. त्या पंखाचं विचारलंत तर तो म्हणेल, मुद्दाम. तेवढी मान डोलवा.